सल्ल सुत्त : शरीराचे दुखणे आणि मनाचे दुखणे

वर्षावासाच्या तीन महिन्यांत आपल्या वसतिगृहात सायंवंदनेनंतर एखाद्या सुत्ताचे वाचन आणि त्यावर थोडे विवेचन करण्याची प्रथा आहे. माजी विद्यार्थ्यांना ते दिवस आठवत असतील. बाहेर पावसाची संततधार, सभागृहात दोरीवर वाळत घातलेल्या ओल्या कपड्यांचा वास, पुढच्या रांगेत पेंगणारी पाचवी-सहावीची मुले आणि मागे भिंतीला टेकून बसलेले दहावीचे विद्यार्थी. मी अधीक्षक म्हणून सतरा वर्षे येथे होतो. त्या काळात दरवर्षी न चुकता एक सुत्त घेत असे. ते म्हणजे संयुत्तनिकायाच्या वेदनासंयुत्तातील सल्ल सुत्त. स्मरणिकेसाठी अभ्यासपर लेख द्यावा, असे संपादक मंडळाने कळविले तेव्हा दुसरा विषय मनात आलाच नाही. हे सुत्त मुलांच्या कायम लक्षात राहते, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण सांगणे मला जड जाते. हे सुत्त मी कित्येक वर्षे अर्धवट शिकविले आणि त्या अर्धवटपणाची किंमत सहावीतल्या एका मुलाने मोजली. तो प्रसंग पुढे येईलच. आधी सुत्त पाहू.

सल्ल म्हणजे शल्य, बाण. भगवान बुद्ध भिक्खूंसमोर एक प्रश्न ठेवतात. ज्याने धम्म ऐकलेला नाही अशा सामान्य माणसाला सुखद, दुःखद आणि सुखदही नाही व दुःखदही नाही अशा तिन्ही वेदना होतात. धम्म ऐकलेल्या आर्यश्रावकालाही त्या तिन्ही होतात. मग दोघांत फरक कोणता? भगवंतांच्या उत्तराचा आशय असा : सामान्य माणसाला दुःखद वेदना झाली की तो शोक करतो, आक्रोश करतो, ऊर बडवून घेतो, भ्रांत होतो. त्यामुळे तो एकाच वेळी दोन वेदना भोगतो, एक कायिक आणि दुसरी चेतसिक. एखाद्याला बाण लागावा आणि लगेच दुसराही बाण लागावा, तशी त्याची अवस्था होते. आर्यश्रावकाला मात्र एकच बाण लागतो. त्याचे शरीर दुखते, पण मन त्या दुखण्यावर दुसरे दुखणे रचीत नाही.

येथे मराठी वाचकाची एक फसगत होते. आपल्या बोलण्यात 'वेदना' म्हणजे दुखणेच. पालीत तसे नाही. पालीत वेदना म्हणजे कोणतीही संवेदना, मग ती गोड असो, कडू असो वा बेचव असो. थंडीत अंगावर पडलेले ऊनही पालीत वेदनाच. म्हणून या लेखात जेथे दुखण्याविषयी बोलायचे आहे तेथे मी 'दुःखद वेदना' किंवा साधा 'दुखणे' हा शब्द वापरला आहे. आणि 'दुखणे' हा शब्द तरी किती विचारपूर्वक घडलेला आहे! पोट दुखते, मन दुखावते, घरात कोणाचे तरी मोठे दुखणे निघते. शरीराची कळ, मनाची जखम आणि आजार या तिन्हींना आपण एकाच धातूने बांधले आहे. शिवाय कळ, ठणका, सणक, चमक, मुरडा, आग, शिणवटा असे बारकावे आपल्या आया-आज्यांनी शब्दांत नोंदवून ठेवलेले आहेत. डॉक्टरला या शब्दांचा फार उपयोग होतो. मुरडा म्हटले की आतड्याकडे लक्ष जाते, सणक म्हटले की शिरेकडे.

सुत्ताचा पुढचा भाग बहुधा घाईत वाचला जातो. दुखणे आले की मनात आधी पटिघ, म्हणजे विरोध, चीड उत्पन्न होते. मग तो माणूस सुखाकडे धाव घेतो, कारण दुःखद वेदनेतून सुटण्याचा इंद्रियसुखाखेरीज दुसरा मार्ग त्याला ठाऊकच नसतो. आणि या धावपळीत वेदना कशी उत्पन्न होते, कशी मावळते, हे त्याला कळत नाही. यातील मधला टप्पा मला आपल्या समाजाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा वाटतो. दिवसभर ऊसतोड किंवा हमाली करून पाठीचा कणा मोडून आलेला माणूस संध्याकाळी दारूच्या गुत्त्याकडे वळतो आणि सांगतो, अंग दुखते म्हणून घेतो. आपल्यापैकी कितीजणांनी हे वाक्य स्वतःच्या घरात ऐकले आहे! सुत्तात त्याची निर्भर्त्सना नाही. त्याला दुसरा मार्ग माहीत नाही, एवढेच म्हटले आहे. मी मात्र पूर्वी येथे व्यसनमुक्तीचे व्याख्यान देऊन मोकळा होत असे. त्याच्या पाठीचे काय, हा प्रश्न मला पडत नसे.

पहिला बाण दुखत नाही, असे या सुत्तात कोठेही म्हटलेले नाही. तिपिटकात स्वतः भगवंतांच्या शारीरिक वेदनांच्या नोंदी आहेत आणि त्या लपविलेल्या नाहीत. राजगृहाजवळ मद्दकुच्छी येथे दगडाची कपची लागून त्यांचा पाय जखमी झाला. तेव्हा तीव्र वेदना झाल्या आणि त्या त्यांनी स्मृती न ढळू देता सहन केल्या, असे सकलिक सुत्त सांगते. शेवटच्या वर्षावासात बेलुव गावी त्यांना मरणप्राय आजार झाला होता. मला सर्वांत जवळचे वाटते ते मात्र त्यांच्या पाठदुखीचे. कपिलवस्तूच्या नव्या सभागृहात रात्री उशिरापर्यंत उपदेश केल्यावर भगवान आनंदांना सांगतात की पाठ दुखते आहे, पुढचे तुम्ही बोला, मी आडवा होतो. पावा येथे हेच काम ते सारिपुत्तांकडे सोपवितात. संघाटी चार पदरी घडी करून अंथरतात आणि उजव्या कुशीवर पहुडतात. पाठ दुखते हे सर्वांसमक्ष सांगण्यात त्यांना काहीही कमीपणा वाटला नाही. पुढे मिलिंद राजाने नागसेनांना विचारले, ज्याला पुन्हा जन्म नाही त्याला दुःखद वेदना होते काय? नागसेनांचे उत्तर होते की कायिक होते, चेतसिक होत नाही.

आता शरीराकडे वळू. आपल्यापैकी अनेक माजी विद्यार्थी आज डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माते आहेत. त्यांना हा भाग परिचित असेल, पण पालकांसाठी तो सांगितला पाहिजे.

अनवाणी चालताना पायाच्या अंगठ्याला ठेच लागते. क्षणार्धात तीक्ष्ण सणक उठते आणि आपण पाय उचलतो. मग, जवळजवळ एका सेकंदाने, खोल, जळजळती, पसरणारी ठसठस सुरू होते. ही आपली कल्पना नव्हे. त्वचेतून मज्जारज्जूकडे दुखण्याचा निरोप नेणारे चेतातंतू दोन प्रकारचे असतात. एकांवर मेदाचे पातळ आवरण असते आणि ते सेकंदाला सुमारे 5 ते 30 मीटर वेगाने निरोप नेतात. दुसऱ्यांवर आवरण नसते, त्यांचा वेग सेकंदाला 2 मीटरपेक्षाही कमी असतो. पायाच्या अंगठ्यापासून मज्जारज्जूपर्यंतचे अंतर मोठे, म्हणून ठेच लागल्यावर हा फरक स्पष्ट जाणवतो. शास्त्रज्ञही यांना पहिली आणि दुसरी वेदना म्हणतात. मात्र येथे एक सावधगिरी हवी. काही उत्साही वक्ते हेच दोन बाण होत, असे सांगून विज्ञान आणि धम्म यांची गाठ मारून टाकतात. ते चूक आहे. सणक आणि ठसठस दोन्ही मिळून पहिलाच बाण आहे. त्या अर्हतालाही होतात.

निरोप मज्जारज्जूत पोहोचला म्हणजे तो जसाच्या तसा मेंदूकडे जातो, असेही नाही. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी 1965 मध्ये एक उपपत्ती मांडली. मज्जारज्जूत जणू एक फाटक आहे, स्पर्शाचे जाड तंतू ते लोटून घेतात आणि बारीक तंतू ते उघडतात. शिवाय वरून, मेंदूकडूनही त्या फाटकावर हुकूम येतो. तपशिलात पुढे बऱ्याच दुरुस्त्या झाल्या, पण मूळ विचार टिकला. लेकराने गुडघा फोडून घेतला की आई आधी जवळ घेते, भोवतीने चोळते, फुंकर घालते. तिला फाटकाची उपपत्ती माहीत नसते, पण तिच्या हाताचा स्पर्श ते फाटक खरोखरच थोडे लोटतो.

मेंदूत तर आणखी मौज आहे. कोठे दुखते आणि किती दुखते, याची नोंद मेंदूचे काही भाग घेतात. ते किती नकोसे वाटते, याची नोंद प्रामुख्याने दुसरे भाग घेतात. 1997 साली कॅनडात झालेल्या एका प्रयोगात काही व्यक्तींना संमोहनावस्थेत हात गरम पाण्यात धरायला लावला. ही संवेदना अधिक त्रासदायक आहे, किंवा कमी त्रासदायक आहे, अशा सूचना त्यांना दिल्या होत्या. पाणी तेवढेच गरम, दुखण्याची तीव्रताही त्यांनी जवळपास तेवढीच सांगितली, पण नकोसेपणा बदलला. आणि त्याबरोबर मेंदूच्या ज्या भागातील हालचाल बदलली तो भाग नकोसेपणाशी निगडित होता. जागा व तीव्रता नोंदविणाऱ्या भागात तसा बदल दिसला नाही. कायिक आणि चेतसिक या सुत्तातील विभागणीशी याचे साम्य डोळ्यांत भरते. परंतु त्यावरून बुद्धांनी मेंदूचे शास्त्र सांगितले होते, असा दावा मी करणार नाही. त्यांनी माणसाचे निरीक्षण केले होते आणि ते बिनचूक होते, एवढे म्हणणे पुरे आहे.

दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर हेन्री बीचर नावाच्या अमेरिकन डॉक्टरला एक गोष्ट चक्रावून गेली. गंभीर जखमी सैनिकांपैकी बहुसंख्य जण वेदनाशामक नको म्हणत होते. नागरी रुग्णालयात तेवढ्याच जखमेवर लोक औषध मागतात. बीचरने काढलेला अर्थ असा की, त्या सैनिकासाठी जखम म्हणजे रणांगणातून जिवंत सुटका होती आणि नागरिकासाठी तीच जखम म्हणजे संकटाची सुरुवात. त्याच सैनिकांना शिरेत सुई टोचताना हात आखडता आला तर मात्र ते इतरांसारखीच तक्रार करीत. म्हणजे त्यांची संवेदना बधिर झालेली नव्हती, दुखण्याचा अर्थ बदललेला होता.

यावर कोणी म्हणेल, मग दुखणे मनाचेच खेळ! हेच ते अर्धवट ज्ञान. 1978 साली अमेरिकेत अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवर एक प्रयोग झाला. औषध म्हणून ज्यांना निव्वळ निरुपद्रवी द्रव दिला त्यांच्यापैकी काहींचे दुखणे विश्वासानेच कमी झाले. मग त्यांना नॅलॉक्सोन दिले. हे द्रव्य अफूजन्य औषधांचा परिणाम थोपविते. ते देताच त्या विश्वासाने आलेला आराम ओसरला. याचा अर्थ, विश्वासानेसुद्धा आराम पडतो तो शरीर स्वतः निर्माण करीत असलेल्या अफूसदृश द्रव्यांमुळे. मनाने दुखणे वाढते किंवा घटते तेव्हाही ते शरीरातच वाढते आणि घटते. 'मनाचे' आणि 'खोटे' हे समानार्थी शब्द नव्हेत. जागतिक पातळीवरील वेदना-अभ्यासकांच्या संघटनेने 1979 मध्ये दुखण्याची व्याख्या केली तीत संवेदना आणि भावना दोन्ही एकत्र घेतल्या. 2020 मध्ये ती सुधारताना आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. एखादी व्यक्ती दुखते असे सांगत असेल तर तिच्या सांगण्याचा मान राखला पाहिजे, आणि जिला सांगता येत नाही तिलाही दुखू शकते.

आता तो प्रसंग.

माझे सल्ल सुत्तावरील विवेचन मुलांना इतके आवडे की 'दुसरा बाण' हा वसतिगृहातील चलनी शब्द झाला होता. कोणी परीक्षेच्या निकालावर रडला की मित्र म्हणत, दुसरा बाण लागला रे याला. कबड्डीत खरचटलेला मुलगा लंगडत आला की मीही हसून म्हणे, पहिला बाण आहे, दुसरा मारून घेऊ नकोस. मला त्याचा अभिमान होता. धम्म मुलांच्या बोलण्यात उतरला, असे मी पालकसभेत सांगत असे.

एका जुलै महिन्यात सहावीत नव्याने आलेला एक मुलगा संध्याकाळी माझ्याकडे आला. पोट दुखते म्हणाला. कोठे, विचारले तर बेंबीभोवती हात फिरवला. गेल्या महिन्याभरात तो तिसऱ्यांदा हेच सांगत होता, आणि आधी दोन्ही वेळा घरी फोन लावून दिल्यावर दुखणे थांबले होते. मी त्याला शेजारी बसविले आणि दोन बाणांची गोष्ट पुन्हा सांगितली. पोटात थोडे दुखत असेल, पण घरच्या आठवणीने तू ते मोठे करतो आहेस, श्वासाकडे लक्ष दे आणि झोप. तो 'हो सर' म्हणाला आणि गेला. मी वाचत बसलो.

रात्री साडेअकराच्या सुमारास स्वयंपाकघरातल्या मावशी माझ्या दारात आल्या. त्यांनी जेवणाच्या वेळी त्याचे ताट जसेच्या तसे परत आलेले पाहिले होते. म्हणून झोपण्याआधी त्या त्याच्या खोलीत डोकावून आल्या होत्या. "सर, लेकरू पाय पोटाशी घेऊन पडलंय. खोकलं तरी कळवळतंय. हे घरच्या आठवणीचं दुखणं नाही." मी गेलो. कपाळ तापलेले होते. आता हात बेंबीवर नव्हता, उजवीकडे खाली होता. गाडी मिळवून तालुक्याला आणि तेथून जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचेपर्यंत पहाट झाली. आंत्रपुच्छ, म्हणजे अपेंडिक्स, फुटले होते. ऑपरेशन झाले, पोटात पू पसरला होता, तीन आठवडे तो रुग्णालयात होता. तो वाचला. त्याचे वडील मला एक शब्दही बोलले नाहीत. आईने मात्र विचारले, "सर, त्यानं तुम्हाला सांगितलं नव्हतं का?"

सांगितले होते.

नंतर डॉक्टरांनी मला जे समजावले ते मी येथे मुद्दाम विस्ताराने देतो. आतड्यातील अवयवांची जागा चेतातंतूंना अचूक कळत नाही. आंत्रपुच्छ सुजू लागले की त्याचा निरोप मज्जारज्जूच्या ज्या भागात जातो त्याच भागात बेंबीभोवतालच्या त्वचेचाही निरोप जातो. म्हणून सुरुवातीचे दुखणे बेंबीभोवती, अस्पष्ट, बोट ठेवता न येणारे असते, नेमके घरच्या आठवणीने येणाऱ्या पोटदुखीसारखे. काही तासांनी सूज पोटाच्या आतल्या अस्तराला भिडते. त्या अस्तराचे तंतू जागा अचूक सांगतात, आणि मग दुखणे उजव्या बाजूला खाली सरकते. चालताना, उडी मारताना, खोकताना ते वाढते, कारण प्रत्येक हिसक्याने अस्तर घासले जाते. पुष्कळदा भूक मरते, मळमळ आणि ताप येतो. आंत्रपुच्छ फुटल्यावर आतला ताण मोकळा होऊन कधी कधी दुखणे थोडा वेळ कमी होते आणि सर्वांना वाटते, बरे झाले. ते बरे होणे नसते. अशा वेळी पोट चोळणे, एरंडेल किंवा जुलाबाचे औषध देणे, दुकानातून गोळी आणून दुखणे दाबून टाकणे, यांतले काहीही करू नये. डॉक्टरकडे न्यावे.

आणि आधीच्या दोन वेळांचे दुखणे? डॉक्टर म्हणाले, तेही खरे असणार. ताणाने आतड्यांची हालचाल बदलते, त्यांची संवेदनशीलता वाढते, मुलाला खरोखर दुखते. फोनवर आईचा आवाज ऐकून ते थांबले, याचा अर्थ ते नव्हते असा होत नाही. त्या तिन्ही वेळा मुलाने खरे सांगितले होते.

त्या रुग्णालयाच्या व्हरांड्यात बसून मी पहिल्यांदा सल्ल सुत्त नीट वाचले, असे म्हणावे लागेल. ते कोणाला उद्देशून आहे? ज्याला बाण लागला आहे त्याला. बाण लागलेला माणूस स्वतःच्या मनाकडे पाहून दुसरा बाण ओळखू शकतो. शेजारी उभा असलेला माणूस दुसऱ्याच्या दुखण्यातला कायिक भाग किती आणि चेतसिक किती, हे वाटून देऊ शकत नाही. मी ते वाटून दिले होते. शेजाऱ्यासाठी सुत्ते वेगळी आहेत. विनयात एक कथा आहे. अतिसाराने आजारी भिक्खू स्वतःच्या मलमूत्रात पडलेला आढळला. तो इतरांच्या कामी येत नव्हता, म्हणून कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. भगवंतांनी आनंदांकडून पाणी आणविले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून बिछान्यावर ठेवले. मग भिक्खूंना सांगितले की माझी सेवा करावी असे ज्याला वाटते त्याने आजाऱ्याची सेवा करावी. त्या भिक्खूला त्या वेळी दोन बाणांची गोष्ट सांगितल्याची नोंद नाही. पाणी आधी आले.

त्याच वेदनासंयुत्तात सीवक सुत्त आहे, तेही आपल्या लोकांनी वाचावे. मोळिय सीवक नावाचा परिव्राजक विचारतो, माणसाला जे काही सुखदुःख होते ते सर्व पूर्वकर्मामुळेच होते, असे काही जण म्हणतात, ते खरे काय? भगवान ते नाकारतात. पित्त, कफ, वात, या तिहींचा संयोग, ऋतुबदल, हेळसांड, बाहेरचा आघात अशी कारणे ते मोजतात आणि कर्मविपाक हे त्यांतले केवळ एक, आठवे. सर्व काही पूर्वकर्माचे फळ म्हणणारे जगात उघड दिसणाऱ्या गोष्टींच्या पलीकडे जातात, असे ते स्पष्ट सांगतात. ज्या समाजाला शतकानुशतके 'तुमचे भोग तुमच्या कर्माचे' असे ऐकविले गेले, त्याला या सुत्ताचे मोल वेगळे सांगायला नको.

पूज्य बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रास्ताविकात चार आर्यसत्यांविषयीच प्रश्न उपस्थित केला. जीवन दुःख, मरण दुःख, पुनर्जन्म दुःख, तर मग धम्म निराशावादी ठरत नाही काय, असा तो प्रश्न. त्या प्रश्नामागची चिंता मला आता कळते. दुखणाऱ्यालाच 'मन शांत ठेव' म्हणून सोडून दिले तर बाण मारणारा सुटतो. तहान ही कायिक वेदनाच आहे. 20 मार्च 1927 रोजी महाडला बाबासाहेबांनी लोकांना तहानेचे निरीक्षण करायला सांगितले नाही, त्यांना चवदार तळ्यावर नेले. आणि स्वतःच्या बाबतीत? 1956 साली मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने आधाराशिवाय चालणे त्यांना कठीण झाले होते. तरी 14 ऑक्टोबरला ते नागपूरला उभे राहिले. पहिला बाण कायम असताना दुसरा मनात रुतू न देण्याचे याहून जवळचे उदाहरण मला माहीत नाही. मात्र त्या काळात ते औषधोपचारही घेत होते, हेही मुलांना सांगितले पाहिजे.

असाच एक गैरसमज विपश्यनेविषयी आहे. सत्यनारायण गोयंका यांना तरुणपणी अर्धशिशीचा असह्य त्रास होता, त्यासाठी मॉर्फिनची इंजेक्शने घ्यावी लागत. 1955 मध्ये ते रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले तेव्हा सयाजींनी त्यांना आधी परत पाठविले, कारण शिबिर हे डोकेदुखी बरी करण्याचे साधन नव्हे. उद्देश बदलून ते पुन्हा गेले, तेव्हा प्रवेश मिळाला. पुढे 1976 पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर जे सुरू झाले ते सर्वांना ठाऊक आहे. आपले कितीतरी माजी विद्यार्थी तेथे बसून आले आहेत. मांडी घालून तासभर न हलता बसल्यावर गुडघ्यात जे होते तेच सल्ल सुत्ताचे खरे प्रात्यक्षिक. 'गुडघा दुखतो' हे एक वाक्य. 'अजून चाळीस मिनिटे आहेत, पाय कायमचा आखडणार, बाकीचे कसे शांत बसलेत, मलाच जमत नाही' ही त्यामागून येणारी वाक्ये. गुडघा आणि वाक्ये वेगळी दिसू लागली की गुडघ्याचे दुखणेही एकसंध राहत नाही. ते वाढते, घटते, जागा बदलते. हे ज्याचे त्याने पाहायचे असते, आणि जुनाट सांधेदुखी किंवा कंबरदुखी असणाऱ्यांना, उपचार चालू ठेवून, याचा मोठा आधार होऊ शकतो.

मुलींच्या वसतिगृहाबाबत एक गोष्ट येथेच नमूद करतो. पाळीच्या दिवसांत गर्भाशय आकुंचन पावते आणि त्याला कारणीभूत होणारी द्रव्ये काहींच्या शरीरात अधिक तयार होतात, म्हणून कोणाला कमी तर कोणाला असह्य दुखते. शेकाने आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या औषधाने ते कमी होते. 'बाईच्या जातीला सोसावेच लागते' हे वाक्य कोणत्याही सुत्तात नाही.

तो मुलगा आता तिशीत आहे. एका माजी विद्यार्थी मेळाव्यात भेटला तेव्हा मी धीर करून त्या रात्रीचा विषय काढला. तो म्हणाला, "सर, दुखत होतं ते सोसता येत होतं. पण पुन्हा तुमच्याकडे आलो तर तुम्ही म्हणाल, याला अजून धम्म कळला नाही, याची भीती जास्त वाटत होती. म्हणून पांघरूण घेऊन पडून राहिलो." त्याच्या मनात त्या रात्री दुसरा बाण होताच. तो माझ्या हातून सुटलेला होता.

त्या घटनेनंतर आरोग्य खोलीतील वहीत मी एक रकाना वाढविला. पूर्वी नाव, इयत्ता, तक्रार, दिलेले औषध एवढेच असे. आता 'कोठे व कसे दुखते' आणि त्याशेजारी 'मनात काय येते' असे दोन रकाने आहेत. मुलगा सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहायचे, दुसरा रकाना भरला म्हणून पहिला खोडायचा नाही. ही वही अजून चालू आहे. परवा सहज चाळली. आठवीतल्या एका मुलीच्या नोंदीत पहिल्या रकान्यात होते, डोके, दोन्ही बाजूंनी, शाळा सुटल्यापासून, फळा धूसर दिसतो. दुसऱ्या रकान्यात, बाबांचे काम सुटले आहे. पुढे अधीक्षिकाताईंच्या अक्षरात दोन ओळी होत्या : बुधवारी डोळे तपासून आणले, चष्मा लागला. घरी फोन केला, बाबांशी बोलणे झाले.